धप्प्याचं रडणं

४ मार्च

ताई,

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितोय. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, निदान शेवटपर्यंत ऐकून तरी घेशील.

बातमी अशी की मला मोठा रोल मिळालाय. विनोदी नाही, गंभीर! सबंध सिनेमाभर मी एकदाही पडत नाही. इतकी वर्षं जिन्यावरून पडलो, शिडीवरून पडलो, एकदा तर चालत्या गाढवावरून पडलो, तेव्हा कुठे लोकांनी प्रेमाने धप्प्या नाव ठेवलं. आता त्याच धप्प्याला लोक रुमाल हातात घेऊन बघणार आहेत.

गोष्ट सांगतो. मी बँडमधला क्लॅरिनेटवाला. बायको वारलेली, एक लहान मुलगी, ती आजारी. मी क्लॅरिनेट विकतो, तिचं ऑपरेशन होतं, तरी ती जातेच. शेवटी मी तिच्या उशाशी बसून हवेतच बोटं नाचवतो, म्हणजे नसलेलं क्लॅरिनेट वाजवतो. हे ऐकताना मला इतकं हसू आलं की रुमालात तोंड लपवून नाक शिंकरलं. दिग्दर्शकाला वाटलं मी गहिवरलो. रोल तिथेच पक्का झाला.

अडचण एकच. या माणसाला ग्लिसरीन चालत नाही. खरंच रडायचं म्हणतो. "आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठव," म्हणतो. मी खूप आठवलं गं. काही सापडत नाही. तू मोठी, तुला घरातलं सगळं ठाऊक. एखादं बरंसं दुःख असेल तर कळव. जरा लवकर कळव, पुढच्या महिन्यात शूटिंग आहे.

तुझा,
धप्प्या


११ मार्च

धप्प्याराव,

पोस्टाने दुःख मागवणारा माणूस जन्मात पहिल्यांदा पाहिला.

तुझं पत्र मी कामावरच फोडलं. समोर कवळ्यांसाठीचे प्लास्टरचे जबडे रांगेने वाळत ठेवले होते. तुझ्या सिनेमाची गोष्ट मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. सगळे आ वासून होते, पण ते काय, नेहमीच असतात. आमच्या डॉक्टरांनी मात्र आतल्या खोलीतून ऐकलं आणि पेशंटला तसाच तोंड उघडं ठेवून बसवून बाहेर आले. म्हणाले, "हसवणाऱ्या माणसाच्या आत फार खोल दुःख असतं हो." हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलंय. मी म्हटलं, डॉक्टर, याला मी आंघोळी घातल्यात, भरवलंय, तापात याच्या उशाशी बसलेय. याच्या आत भूक आहे आणि झोप आहे. तिसरं काही असतं तर मला दिसलं असतं. तर माझ्याकडेच कीव आल्यासारखे बघत आत गेले.

तुम्हा विनोदी नटांना एका वयात ही खाज सुटतेच का रे? आधी दाढी वाढते. मग फोटोत हनुवटीखाली मूठ येते. मग मुलाखतीत "हसवणं सोपं, रडवणं कठीण" असं सांगायचं, आणि ते साफ खोटं आहे हे स्वतःला पक्कं ठाऊक असायचं. रडवायला काय लागतं? एक आजारी पोर आणि एक व्हायोलिन. मी कुणाची हुळहुळी दाढ बोटाने नुसती दाबली तरी तो घळाघळा रडतो. त्याबद्दल मला अजून कुणी शाल दिलेली नाही.

तरी मागतोसच तर घे. दुसरीत असताना शाळेच्या नाटकात तुला झाड केलं होतं. तू दोन वेळा जेवला नाहीस. त्यापलीकडे तुझ्या नावावर दुःख जमा नाही.

हे म्हणतात, धप्प्याला सांग, निदान क्लॅरिनेट तरी मोडून पड. आमच्या घरातल्या रसिकाची अपेक्षा एवढीच आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

झाड वापरून पाहिलं. नाही आलं रडू.

पण इथे माझं बरं चाललंय. काल एक गंमत झाली. माझी नाटकातली सवय तुला माहीत आहे, वाक्य टाकायचं आणि हशा विरेपर्यंत थांबायचं. इथे हशा कुठला यायला? तरी मी आपला वाक्य टाकतो आणि थांबतो. दिग्दर्शक ओल्या डोळ्यांनी जवळ आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "या शांततेत केवढं दुःख आहे!" मी म्हटलं, हो. आता प्रत्येक वाक्यानंतर थांबतो. या लोकांना फसवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

माझी मुलगी झालेली पोर चांगली चुणचुणीत आहे. आठ-नऊ वर्षांची असेल. दिग्दर्शकाला सगळं खरं हवं, म्हणून बिचारीच्या पोटाला खरोखरचं बँडेज, चिकटपट्ट्या लावून करकचून बांधतात. शॉट नसला की पलंगावर बसून चॉकलेट खाते आणि मला विचारते, "काका, तुम्ही यात पडत का नाही?" सेटवर डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तेवढं एकच.

आणि ताई, सापडलं! म्हणजे दुःख नाही म्हणता येणार, पण दिग्दर्शकाला ते फार आवडलं. मला आईची खोली आठवली. ऑपरेशन होऊन आई घरी आली ती पुन्हा उठलीच नाही. मी सहा वर्षांचा होतो ना? शाळेतून आलो की तिच्या उंबऱ्याला अडखळून धप्पकन पडायचो, आणि ती हसायची. उशी पोटाशी घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मी पुन्हा बाहेर जायचो, पुन्हा पडायचो. ती गेली तेव्हाचं मला काहीच आठवत नाही, पण ते हसणं अगदी काल ऐकल्यासारखं आठवतं. माझा पहिला प्रेक्षक! खरं सांगू, आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले म्हटलं तर तेच.

हे ऐकून दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभाच राहिला. म्हणाला, हे आपण सिनेमात घेऊ. बाप पडतो, मुलगी हसते, आणि हसता हसता जाते. शिवाय पेपरवाल्यांनाही सांगायचं म्हणतो, धप्प्या पहिल्यांदा पडला तो मरणाऱ्या आईसाठी. जाहिरातीला सोन्यासारखं आहे.

तुला चालेल ना?

धप्प्या


७ एप्रिल

चालणार नाही.

त्या खोलीला हात लावायचा नाहीस. तुझ्या क्लॅरिनेटवाल्याच्या घरात हवी तेवढी माणसं मार. मुलगी मार, शेजारीण मार, बँडमास्तरला क्षय लाव. आमच्या घरातलं कुणी त्याला उसनं मिळणार नाही.

हसता हसता जाते म्हणे! कोण जातं असं? तुझ्या त्या दिग्दर्शकाने माणूस जाताना कधी पाहिलाय तरी का? आई कशी गेली ते तुला आठवत नाही, कारण तू तिथे नव्हतास. मी तुला शेजारी खेळायला पाठवलं होतं, ते काही सुचलं नाही म्हणून नव्हे, चांगलं समजून उमजून पाठवलं होतं. बाबा कामावर, मी चौदा वर्षांची, शाळा सोडून घरी बसलेली. त्या खोलीत काय काय होतं ते मला माहीत आहे, आणि तुला जेवढं माहीत आहे तेवढंच राहावं असं मी तेव्हाच ठरवलं. चांगले दिवस म्हणतोस ना? मग ते तसेच चांगले ठेव. त्या गृहस्थाच्या हाती दिलेस की तो त्यावर व्हायोलिन वाजवील, तिकीट लावील, आणि अनोळखी बायकाबापड्या चिवडा खाल्ल्यासारखं ते बसून खातील. मग तुझ्यापाशीही काही उरणार नाही.

पेपरात एक ओळ जरी दिसली तर त्याच पेपरात मी तुझ्या झाडाची हकिकत छापायला देईन. फोटो आहे माझ्याकडे.

ताई


१५ एप्रिल

ताई,

पेपरवाल्यांना नाही सांगणार. झालं समाधान?

पण तू इतकी का भडकलीस ते मला कळलं, आणि स्पष्टच लिहितो. तू औषधं द्यायचीस, चादरी बदलायचीस, रात्र रात्र जागायचीस, आणि आई हसायची मात्र मला बघून. ते तुझ्या मनात अजून राहिलंय. त्याला मी काय करू? मी लहान होतो. मला पडता येत होतं, तुला येत नव्हतं.

तुझी खोली तुला परत केली. खूश राहा.

धप्प्या


२० ऑक्टोबर

धप्प्या,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते पाकिटात घालून पोस्टमनच्या हाती देण्यासारखं नव्हतं. आता राग गेलाय असं नाही, पण सिनेमा पाहिला आणि गप्प बसवेना.

आम्ही चौघं गेलो. मी, हे, डॉक्टर आणि आमच्याकडे कवळ्या घासते ती पॉलिशवाली. मुलगी मरायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात मी वरची-खालची अख्खी कवळी लावून दिली असती. ती खोकते, मग सुविचार सांगते, मग पुन्हा खोकते. इतकं शहाणं आजारी मूल माझ्या घरात असतं तर मीच क्लॅरिनेट आधीच विकून पळून गेले असते. हे मध्यंतराला जागे झाले, "अजून आहे का ती?" म्हणाले आणि पुन्हा झोपले. डॉक्टरांनी स्वतःचा रुमाल भिजवून माझा मागून घेतला. पॉलिशवाली तर अशी हुंदके देत होती की पुढच्या रांगेतला माणूस तिचं सांत्वन करायला मागे वळला. बाहेर पडताना सगळ्यांचे चेहरे असे समाधानी, जणू आत्ताच रक्तदान करून आलेत. घरी खऱ्या म्हातारीने पाणी मागितलं तर याच लोकांच्या कपाळाला आठी पडते.

आणि तुझी ती मौनं! पेपरात लिहिलंय, "दोन वाक्यांमधली अथांग शांतता." प्रत्येक अथांग शांततेत मला तू हशाची वाट बघत उभा असलेला दिसत होतास. एकदा तर मी हसलेसुद्धा, तुझी कीव येऊन. लोक माझ्यावर खेकसले.

एक मात्र कबूल करते. खोलीला हात लावला नाहीस. पलंगाचा सीन आला तेव्हा मी हाताच्या मुठी वळून बसले होते. आता हा दारातून येणार आणि पडणार असं सारखं वाटत होतं. तू पडला नाहीस. शब्द पाळलास, त्याबद्दल बरं वाटलं.

पण त्यानंतरचं ते रडणं? ज्याबद्दल सगळं जग तुझ्या पाया पडतंय, ते? जमिनीवर फतकल मारून बसलायस, तोंड उघडं, आवाज नाही, मग नाकातून पाणी. धप्प्या, मी जबड्यांची माणूस आहे. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी रडतं. रडणारा माणूस जबडा आवळतो. तुझा नुसता लोंबत होता. पडल्यावर लोकांकडे बघून तू "हे काय झालं?" असा जो चेहरा करतोस, तोच नेमका तिथे चिकटवून दिलास. बाकी सिनेमा खोटा होता, पण कारागिरीने खोटा होता. हे मात्र निव्वळ सोंग. माझ्या भावाकडून एवढ्या स्वस्तातल्या मालाची अपेक्षा नव्हती.

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

ते सोंग नव्हतं. आणि शब्दही मी पाळला नव्हता. पेपरवाल्यांना सांगितलं नाही एवढंच.

तुझ्यावर चिडलो होतो, त्या तिरीमिरीत दिग्दर्शकाला म्हटलं, घेऊन टाकू तो शॉट. मी दारातून आलो आणि पडलो. छान पडलो गं, कित्येक वर्षांत इतकं छान पडलो नव्हतो. दिवे धरणारी माणसंसुद्धा हसली. आणि ती पोर हसायला लागली. लिहिलेलं हसणं होतं ते नाही, खरंखुरं, खिदळत. पोटाच्या चिकटपट्ट्या ताणल्या गेल्या तशी तिने शेजारची उशी ओढून पोटाशी गच्च धरली आणि हसता हसताच ओरडली, "काका, नका ना! दुखतंय!"

तिला उशी धरायला कुणीच सांगितलं नव्हतं. तसं लिहिलेलंच नव्हतं.

मला उठायचं होतं, उठताच येईना. कॅमेरा चालू होता, हे मला माहीत नव्हतं. तू पाहिलंस ते तेवढंच. पडणं त्यांनी कापून टाकलं. सिनेमा आधी काही लोकांना दाखवला तेव्हा तिथे लोक हसले, आणि दिग्दर्शक म्हणाला, एकदा हसले की पुन्हा रडायला फार वेळ घेतात. म्हणून पडणं गेलं आणि माझं तोंड तेवढं राहिलं. त्याच तोंडाला आता बक्षीस देतायत. तू सोंग म्हणालीस, याचं मला वाईट वाटलं नाही. मला स्वतःलाच तेव्हा कळत नव्हतं की माझ्या तोंडाचं काय चाललंय.

ताई, आईला दुखायचं का गं?

ती उशी कशाला धरायची ते मी इतक्या वर्षांत एकदासुद्धा मनात आणलं नाही. डोळ्यांतून पाणी यायचं ते हसून येतं असंच मला वाटायचं. मी पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन पडायचो. तू तिथेच दाराशी उभी असायचीस, हेही आता आठवतं. मला थांबवलं का नाहीस?

सोमवारपासून नव्या सिनेमाचं काम सुरू होतंय, विनोदी. पहिलाच सीन जिन्यावरून पडायचा. काल तालीम होती. वरच्या पायरीवर उभा राहिलो, पाय सोडला, आणि हाताने कठडा धरला. पुन्हा केलं, पुन्हा धरला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. खाली सगळे हसायच्या तयारीने उभे होते आणि मला वाटत होतं, यातलं कुणाला तरी दुखेल. मला दुसरं काही येत नाही, तुला ठाऊकच आहे. पडता आलं नाही तर मी करू काय?

खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

धप्प्या


३० ऑक्टोबर

बाळा,

तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही लिहिलंय का?

दुखायचं. पोटभर टाके होते, दुखणारच. उशी मीच दिली होती. खोकला आला की टाके धरून ठेवायला उशी दाबायची, असं नर्सने शिकवलं होतं. खोकताना आई ती शोधत बसायची. तुझी पावलं वाजली की मात्र आधीच हातात घेऊन तयार असायची.

हे तुला कधी कळू नये, एवढ्यासाठीच त्या खोलीला हात लावू नकोस म्हणत होते. मला तुझा हेवा वाटायचा असं तू लिहिलंस, तेही काही अगदीच चुकीचं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला वाटतो. पण त्यासाठी मी पत्र लिहिलं नव्हतं.

तुझ्या रडण्याबद्दल जे लिहिलं ते पुसून टाक. जबड्यांतलं मला वाटतं तेवढं कळत नाही असं दिसतंय. हे एकदाच लिहितेय, पुन्हा लिहून मागू नकोस, आणि डॉक्टरांना तर अजिबात सांगू नकोस.

थांबवलं का नाही, विचारतोस. थांबवलं होतं. एकदा तिला फारच त्रास होत होता, म्हणून तू शाळेतून यायच्या वेळेला मी दाराला आतून कडी घातली. तू आलास, दार ढकललंस, मी ओरडले, आई झोपलीय. तू बाहेरच धप्पकन पडलास. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा पडलास. मग तुझा काही आवाज येईना.

आईने मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. तर माझं मनगट धरून, त्या तसल्या आवाजात, मला अशी झापली म्हणतोस! "तू कधीपासून माझी डॉक्टर झालीस गं? दुखायचं ते दिवसभर दुखतच असतं. तो आला की दुखण्याबरोबर दुसरंही काही होतं, ते तेवढंच आहे माझ्याकडे. काढ ती कडी. आज अजून पडला नाहीये तो."

मी कडी काढली. तू आलास, पडलास, ती हसली, तिला दुखलं. हे सगळं एकदमच झालं. तुझ्या त्या अकलेच्या कांद्याला असलं काही एकदम दाखवता येत नाही, म्हणून त्याने कापलं.

सोमवारी कठडा सोड.

ताई